सिग्नल ११

'जेंटू लिनक्स' म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढची भानगड कळायची नाही.

लिनक्सचे बहुतेक प्रकार म्हणजे दुकानातून आणलेलं तयार पीठ. उबंटू घ्या, फेडोरा घ्या, कुणीतरी कुठेतरी दळून ठेवलेलं असतं, आपण पिशवी फोडायची आणि कामाला लागायचं. जेंटूमधे धान्य घरी येतं आणि जातंही घरचंच. ब्राउझरपासून कर्नलपर्यंत प्रत्येक गोष्टीचा सोर्स कोड उतरवायचा आणि आपल्याच मशीनवर, आपल्याला हवा तसा कंपाइल करायचा. डॅनियल रॉबिन्स नावाच्या माणसाने हे प्रकरण सुरू केलं, १.० ही आवृत्ती २००२ साली आली, आणि नाव ठेवलं ते पाण्यात सगळ्यात जोरात पोहणाऱ्या पेंग्विनचं. (नाव वेगाचं आणि एक ब्राउझर बसवायला तासभर. असो.) डिसेंबर २०२३ पासून जेंटूवाल्यांनी स्वतःच तयार बायनरी पॅकेजेस द्यायला सुरुवात केली, म्हणजे आता इथेही पिठाची पिशवी मिळते. तरी मी दळतो. ऑफिसात यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. "अरे, तुझा कंप्युटर काम कधी करतो? कायम स्वतःलाच बनवत असतो!" यावर माझ्याकडे उत्तर नाही. काही लोक वीकेंडला सिंहगड चढतात, त्यांना कोण विचारतं?

तर अशा या सिस्टिममधे सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे जीसीसी, अर्थात कंपायलर. रिचर्ड स्टॉलमनने १९८७ साली तो पहिल्यांदा लोकांना दिला. बाकी सगळं दळतं ते हे जातं. आणि नवीन जीसीसी बसवायचा म्हणजे जुन्या जात्याने नवीन जातं घडवायचं. हा प्रकार मला अजूनही जादूसारखा वाटतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. जुन्या जीसीसीने नव्याचा सोर्स कंपाइल करायचा, हा पहिला टप्पा. त्यातून जो कंपायलर निघाला त्याने तोच सोर्स पुन्हा कंपाइल करायचा, हा दुसरा. दुसऱ्यातून निघालेल्याने तिसऱ्यांदा तोच सोर्स, हा तिसरा. आणि मग दुसऱ्या नि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फायली शेजारी-शेजारी ठेवून ताडून बघायच्या. पहिला टप्पा जुन्या कंपायलरच्या हातचा असतो, त्यामुळे तो वेगळा असणारच. पण दुसरा आणि तिसरा दोन्ही नव्याच कंपायलरच्या डोक्याने, त्याच सोर्सवरून झालेले. ते जुळलेच पाहिजेत. नाही जुळले तर बिल्ड तिथेच थांबतो आणि 'बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर' असं सांगतो. इतकी स्वच्छ, इतकी निर्दय स्वतःची परीक्षा घेणारं दुसरं सॉफ्टवेअर माझ्या बघण्यात नाही.

शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास जीसीसी १४ वरून १५ वर जायला कमांड दिली आणि झोपायची तयारी करायला लागलो. पस्तीस मिनिटांनी बघतो तर लाल अक्षरं. इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे ज्याने दुसऱ्यांच्या चुका दाखवायच्या तोच धाडकन पडला.

आता तुम्ही जेंटूवाले असाल तर तुमच्याही डोक्यात पहिला संशय हाच आला असेल : मेमरी पुरली नाही. मशीनला ३२ जीबी रॅम, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. एका वेळी सोळा फायली कंपाइल करायची मुभा मी देऊन ठेवलेली. ढोबळ हिशोब असा की प्रत्येक कामाला २ जीबी धरावी, म्हणजे सोळा दुणे बत्तीस, अगदी काठावर. त्यातून जीसीसीच्या सोर्समधे काही फायली माणसाने लिहिलेल्याच नसतात, बिल्ड चालू असताना प्रोग्रामच त्या लिहितो, आणि त्या अशा अजस्र असतात की एकेक फाईल मेमरीचा घास घेत बसते. पहिली पडलेली फाईल त्यातलीच होती. पण मेमरी संपली तर मरण्याची पद्धत वेगळी असते. मेमरी संपली की कर्नल उठतो, सगळ्यात जाड प्रोसेस शोधतो आणि तिचा गळा दाबतो. मग एररमधे 'किल्ड' असं येतं आणि कर्नलच्या लॉगमधे त्या खुनाची रीतसर नोंद असते. इथे लॉग कोरा. आणि एरर होता सेगफॉल्ट, म्हणजे सिग्नल ११. प्रोग्रामने स्वतःच जाऊन नको तिथे हात घातला होता.

तरीही शनिवारी सकाळी सोळाचे सहा करून पुन्हा लावला. पुन्हा पडला. पण वेगळ्या फाईलवर.

ही 'वेगळ्या फाईलवर' गोष्ट फार महत्त्वाची. सॉफ्टवेअरमधला बग हा सरकारी बाबूसारखा असतो, रोज त्याच खिडकीत, त्याच वेळी, तोच नकार. कंपायलरमधे खरंच बग असेल तर त्याच फाईलवर, त्याच ओळीवर तो शंभर वेळा पडेल. म्हणून मी तिसऱ्यांदा काहीही न बदलता लावला. लोकांना हे पटत नाही. "काही बदललं नाहीस तर वेगळं काय होणार?" बायकोनेसुद्धा हेच विचारलं. पण नेमकं हेच बघायचं होतं, की काही बदललं नाही तरी वेगळं होतं का. झालं. तिसऱ्या वेळी तिसरीच फाईल.

नव्वदच्या दशकात एका डच लिनक्सवाल्याने या विषयावर एक प्रश्नोत्तरांचं टिपण लिहून ठेवलं होतं. त्या काळात लोक घरी कर्नल कंपाइल करायचे आणि मधेच सिग्नल ११ येऊन जीसीसी पडायचा. लोक जीसीसीला शिव्या घालायचे. टिपणाचं सार एवढंच होतं, की कंपायलर दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल तर हार्डवेअर तपासा, आणि हार्डवेअरमधे आधी रॅम. कॉलेजात असताना ते वाचलं होतं. तेव्हा जुन्या सिम पट्ट्यांच्या जमान्यातली दंतकथा वाटली होती.

कंपायलरच का पडतो, बाकीचे प्रोग्राम का नाही, याचं कारण मोठं गमतीदार आहे. समजा रॅममधला एक बिट बिघडला आणि त्या जागी तुमचा सिनेमा चालू आहे. एका फ्रेममधे एका ठिपक्याचा रंग किंचित बदलेल, तुम्हाला कळणारही नाही. गाणं असेल तर एखादा सूक्ष्म 'टक्'. पण कंपायलरच्या मेमरीत रंग किंवा सूर नसतात, तिथे पॉइंटर असतात. तुमचा सगळा प्रोग्राम त्याने झाडासारखा मांडलेला असतो आणि प्रत्येक फांदी म्हणजे पुढच्या फांदीचा पत्ता. पत्त्यातला एक आकडा बदलला की पत्र सदाशिव पेठेऐवजी थेट समुद्रात. तोच सेगफॉल्ट. शिवाय कंपायलर भरपूर मेमरी वापरतो, तासन्‌तास वापरतो आणि तीच तीच जागा पुन्हा पुन्हा लिहितो-वाचतो. त्यामुळे रॅमची परीक्षा घ्यायला त्याच्याइतका खडूस मास्तर नाही. इतर वेळी ३२ जीबीमधली वरची बरीचशी मेमरी रिकामीच असते, खड्डा तिथे असला तरी गाडी त्या रस्त्याने जातच नाही.

चौथ्यांदा लावला आणि या वेळी तो कुठेच पडला नाही. पहिला टप्पा पार, दुसरा पार, तिसरा पार. मी चहा घेऊन बसलो होतो. आणि शेवटी कंपॅरिझन फेल्युअर. शेकडो फायलींपैकी एका फाईलमधे फरक.

खरं सांगतो, आधीच्या तीन सेगफॉल्टनी वैताग आला होता, पण भीती वाटली ती या चौथ्या वेळी. कारण पडलं काहीच नव्हतं. कुठेही लाल अक्षर न येता, शांतपणे, एक चुकीची फाईल तयार झाली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची तुलना करायची ही जुनी शिस्त नसती तर तो कंपायलर माझ्या मशीनवर बसला असता आणि पुढे त्यानेच सगळं दळलं असतं. केन थॉम्प्सनचं १९८४ मधे छापून आलेलं ट्युरिंग पुरस्काराचं भाषण अनेकांनी वाचलं असेल. कंपायलरमधेच खोट लपवली तर सोर्स कितीही वाचा, ती दिसणार नाही, असा त्याचा मुद्दा. तिथे खोट करणारा माणूस होता. माझ्याकडे माणूसही नाही.

आणि मग लगेच दुसरा विचार आला. जीसीसी आपल्या फायली ताडून बघतो. माझ्या बाकीच्या फायली कोण बघतं? त्याच मशीनवर कॅसेटी होत्या.

कॅसेटींबद्दल सांगायला हवं. १९८४ ते १९८९ बाबा मस्कतला होते, एका बांधकाम कंपनीत गाड्या आणि जनरेटर दुरुस्त करायला. आई, ताई आणि नंतर मी चिपळूणला. फोन परवडायचा नाही, पत्राला वेळ लागायचा आणि आईला लिहायचा कंटाळा. मग त्या काळी कोकणातल्या बऱ्याच घरांत चालायचं तेच आमच्याकडे चालू झालं. कॅसेट भरायची आणि सुट्टीवरून परत निघालेल्या कुणाबरोबर तरी पाठवायची. बाबांनी त्या सगळ्या जपून परत आणल्या, २३ कॅसेटी. २०२१च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा खालचं होतं नव्हतं ते गेलं, कॅसेटींचा डबा माळ्यावर होता म्हणून राहिला. पण नंतरच्या दमट हवेने बऱ्याच टेपांना बुरशी धरली. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. बाबा आता पुण्याला आमच्याकडेच असतात. दिवाळीपासून दर रविवारी आम्ही दोघं एकेक कॅसेट साफ करून, जुन्या डेकवर लावून, कंप्युटरवर उतरवत होतो. २३ कॅसेटींच्या ४६ बाजू, त्यातल्या पाच कोऱ्या, म्हणजे ४१ फायली. काही टेपा एकदा वाजल्या आणि नंतर फीत डेकमधे अडकायला लागली. म्हणजे त्यांच्यासाठी आता फाईल हीच कॅसेट.

आणि हे सगळं याच रॅममधून गेलेलं.

बाबांना मी लगेच काही बोललो नाही. आधी खात्री करायला हवी होती. एक साधी चाचणी केली : २० जीबीची एक मोठी फाईल घेतली, तिचा शा-२५६ हॅश काढला, डिस्कची कॅशे रिकामी केली, पुन्हा काढला. असं दहा वेळा. फाईल तीच, तिला कोणी हात लावलेला नाही, तर दहाही उत्तरं एकच यायला हवीत. नऊ वेळा एक उत्तर आलं, एकदा भलतंच. म्हणजे कंपायलर निर्दोष. प्रोसेसरचं तापमान ठीक होतं, ओव्हरक्लॉकिंग वगैरे मी करत नाही. आता रात्रभर मेमटेस्ट.

मेमटेस्ट८६ प्लस हा छोटासा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट पेन ड्राइव्हवरून चालतो. रॅमच्या प्रत्येक घरात एक ठरावीक नक्षी लिहितो, परत वाचतो, जुळते का बघतो. मग उलटी नक्षी. मग शेजारची घरं हलवून बघतो, कारण काही घरं एकटी असताना शहाण्यासारखी वागतात आणि शेजाऱ्याने उडी मारली की बिथरतात. पहिली फेरी पूर्ण झाली, शून्य एरर. इथे बरेच जण मशीन बंद करतात आणि 'रॅम ठीक आहे' म्हणतात. चालू ठेवून झोपलो. रविवारी सकाळी सहाला बघितलं तर स्क्रीनवर चौदा लाल ओळी. चौदाही एकाच पत्त्याच्या आसपास, २१ जीबीच्या पुढे कुठेतरी. आणि प्रत्येक ओळीत 'काय हवं होतं' आणि 'काय मिळालं' यात फक्त एका बिटाचा फरक, दर वेळी तोच बिट.

३२ जीबी म्हणजे सुमारे २७ हजार ४८८ कोटी बिट. त्यातला एक. तोही रोज नाही, मूड असेल तेव्हा.

पत्त्यावरून कुठली पट्टी खराब ते मात्र थेट कळत नाही. पहिली १६ जीबी पहिल्या पट्टीत आणि पुढची दुसरीत असं नसतं, वेगासाठी दोन्ही पट्ट्यांमधले पत्ते पत्त्यांच्या जोडासारखे पिसलेले असतात. त्यामुळे एकेक पट्टी सुटी करून तपासायची. या कामाला बाबा येऊन बसले. त्यांना कंप्युटरमधलं फारसं कळत नाही, पण 'एक पार्ट काढा, बघा, परत लावा, दुसरा काढा' हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. पहिली पट्टी एकटी लावली, चार फेऱ्या स्वच्छ. दुसरी एकटी लावली, दुसऱ्या फेरीत एरर. मी पट्टीवर मार्करने फुली मारायला घेतली तर म्हणाले, "अरे थांब. खाच खराब नाही कशावरून?" बरोबर होतं. खराब पट्टी दुसऱ्या खाचेत लावली, एरर तिच्याबरोबर तिकडे गेला. चांगली पट्टी आधीच्या खाचेत, स्वच्छ. आता मारा फुली.

या सगळ्यात रविवार गेला, आणि तेव्हाच त्यांना कॅसेटींचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने "किती गेल्या असतील?" एवढंच विचारलं.

लिनस तोरवाल्ड्सवरही ही वेळ आली होती हे मला नंतर आठवलं आणि जरा बरं वाटलं. ऑक्टोबर २०२२ मधे कर्नलच्या नव्या आवृत्तीचं काम ऐन भरात असताना त्याच्या मशीनवर कंपाइल करताना असेच यादृच्छिक सेगफॉल्ट यायला लागले. त्याला आधी वाटलं नव्या कर्नलमधेच बग आला. शेवटी निघाली रॅमची पट्टी, अडीच वर्षं बिनतक्रार चाललेली. नवीन पट्ट्या येईपर्यंत त्याने लॅपटॉपवर काम रेटलं. हाच माणूस २०२१च्या जानेवारीत घरगुती मशीनना ईसीसी रॅम का मिळत नाही म्हणून जाहीर चिडला होता. ईसीसी म्हणजे प्रत्येक ६४ बिटांबरोबर ८ जादा बिट ठेवायचे, एक बिट बिघडला तर तो ओळखून जागीच दुरुस्त करायचा. सर्व्हरमधे हे असतं, तुमच्या-माझ्या डेस्कटॉपमधे बहुधा नसतं. आणि हे काही लाखात एकाला होणारं दुखणं नाही. २००९ मधे गूगलच्या सर्व्हरवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, बियांका श्रोडर आणि सहकाऱ्यांचा. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनमधे किमान एक तरी मेमरी एरर सापडला होता, आणि पट्ट्या मोजल्या तर ८ टक्क्यांहून जास्त. तिथे ईसीसी होतं म्हणून ते मोजता आले. आपल्याकडे मोजणारंच कुणी नाही. आपण म्हणतो, "हँग झाला वाटतं," आणि रीस्टार्ट मारतो.

आता कॅसेटी. मी सगळं फ्लॅक फॉरमॅटमधे ठेवतो, आणि त्या दिवशी त्या फॉरमॅटच्या कर्त्याला मनातल्या मनात हात जोडले. फ्लॅकमधे आवाजाचे छोटे तुकडे केलेले असतात, साधारण ४०९६ नमुन्यांचा एक, म्हणजे सेकंदाचा जेमतेम अकरावा भाग. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा चेकसम. शिवाय फाईलच्या सुरुवातीला संपूर्ण मूळ आवाजाचा एमडी५. त्यामुळे फाईल बिघडली का हे फाईलच सांगू शकते. (एमपी३ला ही सोय अशी हक्काने नाही, लक्षात ठेवा.) अर्थात एक फट राहते : एन्कोडरच्या हातात पडायच्या आधीच नमुना बिघडला असेल तर चेकसम त्या बिघडलेल्या नमुन्याचाच निघणार. पण तो एखादा 'टक्', त्यापलीकडे नाही.

तपासणी खराब पट्टी काढल्यावरच करायची, हे सांगायला नको. नाहीतर डिस्कवरची चांगली फाईल वाचताना रॅममधे बिघडते आणि आपण उगाच सुतक पाळत बसतो. १६ जीबीवर मशीन चालू केलं, ४१ फायली रांगेला लावल्या. बाबा बाजूच्या खुर्चीत. एकेक फाईल पुढे सरकत होती, ठीक, ठीक, ठीक. चाळीस ठीक. एक नापास. १४ नंबरची कॅसेट, बी साईड, अकराव्या मिनिटाच्या आसपास एक तुकडा.

बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या बॅकअपमधे दोन नापास, हीच आणि २ नंबरची ए साईड. दुसरी मशीनवर शाबूत होती, म्हणजे कॉपी होताना बिघडलेली. ती पुन्हा उतरवली. बाबांसाठी जानेवारीत पेन ड्राइव्ह भरला होता त्यातही १४ बी नापासच. म्हणजे रेकॉर्ड करून डिस्कवर लिहितानाच तो बिट उलटला होता, आणि पुढच्या सगळ्या कॉप्या त्या उलट्या बिटाच्या इमानदार नकला.

फ्लॅकला सांगता येतं, की चूक आली तरी पुढे जा. तसं करून वाजवलं. आई कौलं बदलल्याचा खर्च सांगतेय. शेकडा कौलांचा भाव, सुताराची मजुरी, वासे. मधेच सेकंदाच्या अकराव्या भागाएवढी शांतता, एका आकड्याच्या तोंडात. "सुताराला दिले तीन-" आणि पुढे "-शे". बास, एवढंच. मी म्हटलं, "बाबा, कळतंय की. तीनशे." ते म्हणाले, "तीनशे नाही, तीन हप्त्यांत बाराशे. पुढे ऐक." पुढे ऐकलं. बाराशेच होते.

मधल्या आठवड्यात पट्टी बदलून घ्यायचा कार्यक्रम. डब्यावर लाइफटाइम वॉरंटी. दुकानदार म्हणाला, "सर, विंडोज टाकून बघा, लिनक्समधे असे प्रॉब्लेम येतात." मेमटेस्टचा फोटो दाखवला तर, "हे फक्त एक बिट दाखवतंय ना?" जणू बत्तीस दात आणि एकच दुखतोय, तर काय एवढं. शेवटी त्याच्याच मशीनवर लावून दाखवली. तिसऱ्या फेरीला एरर आला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तोही थकला होता. बदली पट्टी यायला तीन आठवडे. मित्राने सुचवलं, की कर्नलला सांग तेवढा पत्ता वगळायला, फुकटात काम होईल. ते खरंच करता येतं, बूट करताना मेमरीचा एखादा तुकडा राखीव म्हणून बाजूला काढता येतो. पण एक बिट सापडला म्हणजे एकच खराब आहे असं कोण सांगणार? पट्टी काढून टाकलेलीच बरी.

जीसीसीचं काय झालं? खरं तर तो शेवटी सोपा निघाला. माझ्या मशीनवरचा जुना जीसीसी १४ही याच रॅमवर कंपाइल झालेला, तेव्हा रॅम कशी होती देव जाणे. जेंटूचं टूल बसवलेल्या फायलींचे चेकसम तपासून देतं, पण त्यातून एवढंच कळतं, की बसवल्यापासून फाईल बदललेली नाही. मुळात चुकीची बसली असेल तर तीही बरोबरच दाखवते. मग इतकी वर्षं नाक मुरडत आलेल्या पिठाच्या पिशवीकडे गेलो. जेंटूच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कुणाच्या तरी धडधाकट मशीनवर झालेला तयार जीसीसी उतरवला, त्याने जीसीसी १५ कंपाइल केला. तीन टप्पे, तुलना, एकाही फाईलमधे फरक नाही. मग त्या जीसीसीने संपूर्ण सिस्टिम नव्याने दळायला लावली. ९६४ पॅकेजेस, निम्म्या रॅमवर.

पुढच्या रविवारी १४ नंबर पुन्हा काढली. ही कॅसेट डिसेंबरमधे एकदा तुटली होती आणि बाबांनी ब्लेडने कापून, चिकटपट्टीने जोडली होती. जोड बरोबर बी साईडच्या सुरुवातीला. त्यांनी डेकचं हेड स्पिरिटने पुसलं, रबरी चाक पुसलं, फीत पेन्सिलीने दोन-चार आटे मागेपुढे फिरवून सैल केली. "एकदाच वाजेल," म्हणाले. कंपाइल थांबवून ठेवलं, नव्या जीसीसीपेक्षा डेकमधून येणारा आवाज त्या अर्ध्या तासापुरता महत्त्वाचा होता. आणि अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. सी-६० कॅसेटची एक बाजू सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या गतीने सरकते, तिला सोळा कोअर दिले तरी ती तशीच सरकणार.

जोड सरकला. अकरावं मिनिट आलं, कौलं, वासे, सुतार, तीन हप्त्यांत बाराशे. मग ताईची कविता, मग माझं रडणं, मग आई म्हणते की फीत संपत आली. बत्तिसाव्या मिनिटाला डेकने खट् केलं. फाईल बंद केली, तपासली. ठीक. तीन ठिकाणी कॉपी केली, तिन्ही ठिकाणी हॅश ताडून बघितला, आणि कंपाइल पुन्हा चालू केलं. ३१३वं पॅकेज.

बाबांनी कॅसेट काढली, उलटून बघितली आणि म्हणाले, "ए साईड ठीक आहे ना? मग आता नुसती ऐकायला लाव. कंप्युटरवरची."